सभेला जावे कसे, सभा भरवावी कशी

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि संस्थेच्या माननीय विश्वस्तांनो,



गेल्या काही महिन्यांत आम्हांला दोन प्रश्न वारंवार विचारले गेले. विश्वस्त मंडळातील काही ज्येष्ठांचा प्रश्न असा की, आजकाल सगळी व्याख्याने मोबाईलवर पाहायला मिळतात, तेव्हा शिक्षकांना नागपूरला किंवा भोपाळला चर्चासत्रासाठी पाठविण्याचा खर्च शाळेने का करावा? पालकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. "सर, कापूस वेचायच्या दिवसांत तुम्ही मीटिंग ठेवून राहिले, आमची दिवसाची मजुरी बुडते. मोबाईलवरच का नाही घेऊन टाकत?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. माणसे एका जागी जमली म्हणजे नेमके काय घडते, आणि तीच माणसे पडद्यावर जमली की त्यातले काय गळून जाते? हे समजले तर कोठे जायचे आणि काय मोबाईलवर उरकायचे, हे ठरवता येईल.

हा प्रश्न आम्हांस तातडीचा वाटतो, त्याचे कारण सांगतो. दिवाळी झाली की रामाकोना आणि आसपासच्या गावांत कापसाची वेचणी जोरात असते, संत्र्याचा आंबिया बहारही त्याच सुमारास उतरतो. काही कुटुंबे कामासाठी नागपूरकडे जातात. वर्गातील बाके हळूहळू रिकामी होऊ लागतात, आधी मुलींची. याच दिवसांत पालकांशी बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते आणि याच दिवसांत पालक शाळेत येऊ शकत नाहीत. बैठकीला येतात ते ज्यांची मुले नियमित आहेत असे पालक. ज्यांच्याशी बोलायचे ते शेतात असतात. म्हणजे सभा भरते, ठराव होतो, चहा होतो, आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहते.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे दोन्ही बाजूंची निमंत्रणे वाचताना आम्हांला गंमत वाटते. भोपाळहून पत्र आले तर त्यात 'संगोष्ठी', 'कार्यशाला', 'उन्मुखीकरण' असे शब्द असतात. नागपूरहून आले तर तीच गोष्ट 'चर्चासत्र', 'कार्यशाळा', 'उद्बोधन वर्ग' होऊन येते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ही दोन्ही पत्रे एकाच गावाहून आली असती, कारण तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. सौंसर आणि पांढुर्णा मात्र येथेच राहिले. त्यामुळे आपल्या शिक्षकाला दोन दिशांना जावे लागते. अभ्यासक्रम आणि परीक्षा यांसाठी भोपाळकडे, आणि भाषेसाठी नागपूरकडे. असो.

शब्द कोणताही असो, जमण्याचा हेतू काय? मराठीतील सर्वांत जुन्या संमेलनाची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावे, मराठी पुस्तकांची वाढ कशी होईल याचा विचार करावा, एवढाच साधा हेतू. आजचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपली सुरुवात तेथून मोजते. दुसरी सभा १८८५ मध्ये भरली. तिचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनाही गेले होते. ते गेले नाहीत. न येण्याचे कारण त्यांनी रानड्यांना पत्राने कळविले, आणि ते पत्र त्याच वर्षी 'ज्ञानोदया'त छापले गेले. त्यातील मुद्दा थोडक्यात असा: जे लोक शेतकरी-कष्टकऱ्यांचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, आमचा विचार आम्हीच करू.

सभा भरविणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र ध्यानात ठेवावे असे आम्हांस वाटते. निमंत्रण पाठविले म्हणजे आपले काम झाले, असे सभा बोलावणारा समजतो. निमंत्रण मिळालेला मनुष्य मात्र वेगळेच पाहतो: तेथे माझ्या प्रश्नाला जागा आहे का? नसेल तर तो येत नाही, किंवा येतो आणि मागच्या ओळीत गप्प बसतो. आपल्या पालक-सभेत मागच्या ओळीत कोण बसते हे सर्वांना ठाऊक आहे. बहुधा आईच बसते.

साहित्य संमेलनातही बाईला अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. वर्ष १९६१, आणि गाव आपल्याच मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर. म्हणजे पहिल्या सभेनंतर ८३ वर्षांनी. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष आणि अरुणा ढेरे झाल्या. यांपैकी राजाध्यक्षांचे २००१ चे संमेलन इंदूरला झाले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला भरलेल्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर या सहाव्या. शंभराच्या जवळ आलेल्या संमेलनांत सहा! आमच्या पालक-सभेचा हिशेब याहून फार बरा आहे, असा दावा आम्ही करणार नाही.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे वळू. व्याख्यान मोबाईलवर ऐकता येते हे खरेच आहे. नुसते व्याख्यान ऐकायचे असेल तर नागपूरचे तिकीट काढू नये, असे आम्हीही म्हणतो. पण चर्चासत्राचा अर्धा लाभ मंडपाबाहेर होतो. जेवणाच्या रांगेत काटोलचा एखादा शिक्षक भेटतो, त्याच्या गावीही संत्री आणि कापूस आहे, त्याच्याही वर्गात डिसेंबरात मुले कमी होतात. तो त्यावर काय करतो, हे कोणत्याही व्याख्यानात सांगितले जात नाही आणि मोबाईलवर कोणी टाकतही नाही. ते ताट हातात घेऊन उभ्या-उभ्याच कळते. साहित्य संमेलनातही मुख्य मंडपापेक्षा ग्रंथप्रदर्शनात अधिक शिकायला मिळते, असे आमचे मत आहे. तेथे पुस्तक हातात घेऊन चाळता येते, प्रकाशकाला विचारता येते, आणि आपल्या ग्रंथालयासाठी काय घ्यावे हे ठरवता येते.

मात्र जायचे तर तयारीने जावे. कार्यक्रमपत्रिका आधी वाचावी. सर्व सत्रांना बसण्याचा हट्ट धरू नये. दोन निवडावीत आणि ती मन लावून ऐकावीत. घरून एक प्रश्न लिहून न्यावा. प्रश्न म्हणजे प्रश्नच, भाषण नव्हे. आपल्याकडे ध्वनिवर्धक हातात आला की पुष्कळ जण "माझा प्रश्न असा आहे" असे म्हणून पाच मिनिटे स्वतःचे मत सांगतात, आणि प्रश्नचिन्ह कोठेच येत नाही. वहीचे पान उभे दुमडावे. डाव्या बाजूला वक्त्याने सांगितलेले लिहावे, उजव्या बाजूला त्याचे आपल्या वर्गात काय करता येईल ते. उजवी बाजू कोरी राहिली तर ते सत्र आपल्यासाठी नव्हते असे समजावे. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत शिक्षक-कक्षात सर्वांपुढे ते मांडावे, कारण पंधरा दिवसांनी आपले अक्षर आपल्यालाच लागत नाही. प्रमुख पाहुण्यांबरोबर फोटो काढण्यास आमची हरकत नाही. पण प्रवासभत्त्याच्या अर्जाला तो जोडू नये.

विश्वस्तांना आमची विनंती अशी आहे की, दर वर्षी दोन शिक्षकांच्या जाण्या-येण्याची तरतूद करावी, आणि पुढच्या वेळी त्यांनाच पाठविण्यापूर्वी मागच्या वेळची उजवी बाजू पाहावी. हा खर्च एखाद्या सत्कार समारंभातील शाल-श्रीफळांपेक्षा कमीच येतो.

विद्यार्थी मित्रहो, हे सर्व मोठ्यांसाठी आहे असे समजू नका. राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस १९९३ साली देशपातळीवर सुरू झाली, आणि तिची पहिली रुजवात आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्राच्या उपक्रमातून झाली होती. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी गटाने आपल्या गावातील एखादा खरा प्रश्न निवडायचा, मोजमाप करायचे, आणि ते जाणकारांपुढे उभे राहून सांगायचे, अशी तिची रीत. कन्हान नदीचे पाणी कोणत्या महिन्यात किती उतरते, हे मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. बांबू, खुणेसाठी रंग आणि वर्षभराची चिकाटी लागते. मोजलेले चार लोकांपुढे सांगायची सवय लागली की पुढे कोणत्याही सभेची भीती वाटत नाही.

आता पडद्यावरच्या सभेविषयी. ती २०२० च्या टाळेबंदीत जन्माला आली असे पुष्कळांना वाटते. त्या वर्षी आपल्या राज्यात डिजीलेप नावाने व्हॉट्सॲप गटांवर धडे येत, आणि जुलैपासून 'हमारा घर हमारा विद्यालय' सुरू झाले, ते सर्वांच्या आठवणीत असेलच. पण दूर बसून बोलण्याचा एक मोठा प्रयोग मध्य प्रदेशातच त्याआधी २४ वर्षे झाला होता. १९९६ मध्ये 'इस्रो'ने झाबुआ जिल्ह्यात उपग्रहाच्या मदतीने १५० गावांत दूरचित्रवाणी संच बसविले. आरोग्य, पाणी, शेती, शिक्षण यांचे कार्यक्रम अहमदाबादहून दाखविले जात. त्यातील विशेष गोष्ट म्हणजे बारा विकासखंडांच्या ठिकाणी उलट बोलण्याची सोय होती. तेथून लोक आपल्या आवाजात प्रश्न विचारीत आणि स्टुडिओत बसलेले जाणकार उत्तर देत. चित्र एकाच बाजूने, आवाज मात्र दोन्ही बाजूंनी. महत्त्वाचे काय हे त्या योजना करणाऱ्यांनी बरोबर ओळखले होते. गावकऱ्याचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, त्याचा प्रश्न ऐकू गेला पाहिजे.

पडद्यावर बोलताना अडखळल्यासारखे का होते, याचे कारणही समजून घेऊ. समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपले की दुसरा किती वेळात बोलू लागतो? २००९ मध्ये जगातील दहा भाषांच्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे अंतर सरासरीने सेकंदाचा सुमारे पाचवा भाग एवढेच निघाले. भाषेभाषेत थोडा फरक होता, पण सगळ्याच भाषा त्याच्या आसपास होत्या. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वीच आपण उत्तर जुळवीत असतो. त्याचा श्वास, मान, नजर पाहून आपली पाळी कधी येणार ते ओळखतो. इंटरनेटवर आवाज पोहोचायला उशीर लागतो. एका बाजूचा उशीर सेकंदाच्या सातव्या भागापर्यंत, म्हणजे १५० सहस्रांशांपर्यंत असेल तर संभाषण सुखाने चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरविले आहे. आपल्याकडे पावसाळ्यात नेटवर्क कसे असते ते सांगायला नको. उशीर वाढला की पाळीचा अंदाज चुकतो. दोघे एकदम बोलतात, दोघेही थांबतात, मग "तुम्ही बोला", "नाही, तुम्ही बोला", आणि शेवटी "सर, आवाज नाही येऊन राहिला." यात कोणाचाही अडाणीपणा नाही. येथे पाळी नाव घेऊन द्यावी लागते, एवढेच.

थकवा येतो तोही खराच असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये याची चार कारणे मांडली. अनेक चेहरे अगदी जवळून सतत आपल्याकडे पाहत असतात. स्वतःचाच चेहरा सारखा समोर दिसतो. जागचे हलता येत नाही. आणि मान डोलावणे, नजर देणे यांसारखे आपोआप होणारे इशारे मुद्दाम मोठे करून द्यावे लागतात. यांतील पहिली तीन कारणे कॅमेरा बंद केल्याबरोबर बरीचशी नाहीशी होतात. म्हणून "सर्वांनी कॅमेरा सुरू ठेवा" हा आग्रह आम्हांला पटत नाही. स्वयंपाकघरात बसलेल्या आईला घरातील भिंत सर्व वर्गाला दाखवायची नसते, आणि तिने ती का दाखवावी? शिवाय चित्रासह तासभर बैठक घेतली तर साधारण पाऊण ते एक जीबी डेटा खर्च होऊ शकतो. नुसत्या आवाजाला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. ज्या घरात एकच फोन आणि दिवसाचा दीड जीबी, तेथे हा हिशेब लहान नाही.

वेळेचेही बंधन आहे. झूमच्या विनाशुल्क खात्यावर सामूहिक बैठक ४० मिनिटांत बंद पडते, गूगल मीटवर ६० मिनिटांत. अनेकांना ही अडचण वाटते. आम्हांला वाटते, आपल्या सभागृहातही अशी सोय असती तर स्वागतपर भाषणे लवकर आटोपली असती.

या सर्वांचा विचार करून यंदा दिवाळीनंतरची पालक-बैठक आम्ही निराळ्या रीतीने घेणार आहोत. संपूर्ण शाळेची एक मोठी बैठक पडद्यावर घेणार नाही. शंभर जण जोडले की नव्वद गप्प बसतात. प्रत्येक वर्गशिक्षक आठ-दहा कुटुंबांचा एक गट करील आणि व्हॉट्सॲपवर नुसत्या आवाजाची बैठक घेईल. तेथे एका वेळी ३२ जण बसू शकतात, पण आपण दहावर थांबू. वेळ रात्री आठची, जेवणे झाल्यावर, आणि २५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. सुरुवातीला शिक्षक हजेरीसारखे प्रत्येक मुलाचे नाव घेतील आणि त्या घरातील मोठ्याने एक वाक्य बोलायचे. शेतात काय चालले आहे, मुलाची तब्येत कशी आहे, काहीही चालेल. पहिल्या पाच मिनिटांत ज्याने स्वतःचा आवाज ऐकला तो पुढेही बोलतो. ज्याने ऐकला नाही तो शेवटपर्यंत श्रोताच राहतो. बोलणे आपल्या घरच्या मराठीत व्हावे. शिक्षकांनीही परिपत्रकाची हिंदी त्या २५ मिनिटांपुरती बाजूला ठेवावी.

प्रश्न मात्र आधी येतील. बैठकीच्या चार दिवस आधी प्रत्येक मुलाजवळ एक चिठ्ठी दिली जाईल. आईने सांगायचे आणि मुलाने लिहायचे. पाचवीच्या पुढील सर्व विद्यार्थ्यांना हे काम आहे, आणि आई जसे बोलली तसेच लिहावे, सुधारून लिहू नये. शिक्षक त्या चिठ्ठ्या वाचूनच बैठकीला बसतील. बैठकीत काय ठरले ते एका पानावर लिहून सोमवारी मुलांबरोबर घरी येईल आणि मुलाने ते मोठ्याने वाचून दाखवायचे. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या वडिलांनी जेथे असतील तेथून जोडून घ्यावे. नागपूरला असलेल्या वडिलांना रामाकोन्याची पालक-सभा यापूर्वी कधीच मिळाली नव्हती.

काही गोष्टी मात्र पडद्यावर घेणार नाही. एखाद्या मुलाचे गुण, वागणूक, शुल्काची बाकी किंवा कोणाची तक्रार दहा घरांच्या कानांवर जाऊ नये. ते समोरासमोर, आणि पालकांना येणे शक्य नसेल तर शिक्षकांनी घरी जाऊन बोलावे. मुलगी शाळा सोडणार अशी कुणकुण लागली तर फोन करूच नये, त्या घरी जावे. फोनवर "नाही सर, येईल ती सोमवारपासून" असे उत्तर मिळते. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आजीशी दोन शब्द बोलले की खरे कारण निघते. कधी ते धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे असते, कधी सायकलचे. सायकलचे असेल तर विश्वस्तांकडे मार्ग निघू शकतो. जानेवारीतील मोठी पालक-सभा नेहमीप्रमाणे शाळेच्या पटांगणात होईल. फक्त त्या दिवशी पहिल्या दोन ओळी आईवर्गासाठी राखीव असतील, आणि प्रास्ताविक व स्वागत मिळून दहा मिनिटांत संपेल.

या अंकासोबत एक छापील कागद जोडला आहे. त्यावर घरातील कोणता फोन रात्री आठ वाजता मोकळा असतो, आणि त्या वेळी बोलायला कोण बसेल, ते लिहावे. ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांनी कोणत्या शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून बोलणे सोयीचे जाईल ते लिहावे. त्या शेजाऱ्याला वर्गशिक्षक स्वतः विचारतील. कागद शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे पोहोचवावा. ज्या घरांतून तो येणार नाही, तेथे पुढच्या आठवड्यात आम्हीच येऊ.

आपले,
प्राचार्य